जुन्या गाडीचं सस्पेन्शन तुटलं तर: आधी काय बघायचं, काय बदलायचं, कुठे थांबायचं

पावसाळा निम्म्यावर आला की गॅरेजांसमोर ठरावीक गाड्या दिसू लागतात. दहा-पंधरा वर्षं पळालेली ऑल्टो, वॅगन आर, सँट्रो, इंडिका, जुनी स्विफ्ट. मालकाची तक्रारही बहुतेक वेळा एकच असते: "पुढून खट-खट आवाज येतोय." पाण्याने भरलेल्या खड्ड्याची खोली दिसत नाही, चाक आदळतं आणि आधीच झिजत आलेला एखादा भाग त्या दणक्यात जातो. घरातली जुनी गाडी नुकतीच हातात आलेल्यांसाठी किंवा पहिली गाडी सेकंडहँड घेतलेल्यांसाठी हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. सस्पेन्शनमधले काही भाग तुटले की गाडी वाजते, डोलते. काही तुटले की चाकच जागेवर राहत नाही. पहिल्या प्रकारात हळूहळू चालवत गॅरेज गाठता येतं. दुसऱ्या प्रकारात गाडी आहे तिथेच थांबवायची, "एवढं दोन किलोमीटर काढू" असं म्हणायचं नाही. आपल्या गाडीत गेलेला भाग यातला कोणता, हे ओळखता येणं ही नवख्याची पहिली गरज आहे. पाने-हातोडी त्यानंतर.

चाकामागे काय असतं

वर नावं घेतलेल्या सगळ्या गाड्यांचं पुढचं सस्पेन्शन एकाच धाटणीचं आहे, मॅकफर्सन स्ट्रट. शॉकअब (शॉक अॅब्सॉर्बर, दणका शोषणारा) उभा, त्याच्याभोवती कॉइल स्प्रिंग आणि हा सगळा संच वर बॉनेटखाली पत्र्याच्या घुमटीत माउंटिंगला बोल्टने बसवलेला. गाडीचं वजन या स्ट्रटवर येतं. खाली लोअर आर्म असतो. त्याचं एक टोक रबरी बुशांनी क्रॉस मेंबरला, म्हणजे गाडीखालच्या आडव्या लोखंडी तुळईला, धरलेलं असतं, तर दुसऱ्या टोकाला बॉल जॉइंट असतो, शाळेत शिकलेला उखळीचा सांधाच. हा बॉल जॉइंट चाकाच्या नकलला, म्हणजे चाक ज्या लोखंडी भागावर बसतं त्याला, खालून धरून ठेवतो, म्हणून चाक वर-खालीही होतं आणि वळतंही. वळवण्याचं काम स्टिअरिंग रॅककडून येणारा टाय रॉड करतो. त्याच्या टोकालाही छोटा बॉल जॉइंट असतो, त्याला टाय रॉड एंड म्हणतात. शिवाय दोन्ही बाजूंना जोडणारा स्टॅबिलायझर बार, आणि बऱ्याच गाड्यांत तो बार स्ट्रटला किंवा आर्मला जोडणारी छोटी लिंक रॉड.

आता यांची विभागणी करू. लिंक रॉड, शॉकअब, स्ट्रट माउंटिंग, बारचे बुश हे वाजणारे भाग. लोअर आर्म, त्याचा बॉल जॉइंट, टाय रॉड एंड हे चाक धरून ठेवणारे. कॉइल स्प्रिंग मधली आहे. तिचा तुकडा कुठे अडकलाय यावर सगळं अवलंबून असतं, त्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

मारुती ८०० असेल तर एक अपवाद नीट लक्षात घ्या. तिचा लोअर आर्म आतल्या टोकाला एकाच बोल्टवर असतो आणि पुढे-मागे सरकू नये म्हणून त्याला स्टॅबिलायझर बारच धरून ठेवतो. बहुतेक इतर गाड्यांत हा बार तुटला तर वळणावर गाडी जास्त कलते, इतकंच. ८०० मध्ये तो बार, त्याचं नट किंवा त्याचे बुश गेले तर चाक मागे सरकतं आणि ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. इतर गाड्यांच्या मालकांनी दिलेला "बारच आहे ना, चालव तसंच" हा सल्ला ८०० वाल्याने ऐकू नये.

रस्त्यातच तुटलं तर

एकदम मोठा आवाज झाला, स्टिअरिंग हातातून खेचलं गेलं किंवा गाडी एका कोपऱ्यात बसली, तर ब्रेक करकचून दाबू नका. अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरा आणि गाडी डाव्या कडेला घ्या. पार्किंगचे चारही दिवे लावा, माणसांना रस्त्यापासून दूर उभं करा आणि त्रिकोण मागे लांबवर ठेवा. कशेडीसारख्या घाटात वळणाच्या तोंडाशी थांबलात तर तो वळणाच्या अलीकडे, येणाऱ्याला आधी दिसेल असा ठेवायचा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा मदतीचा क्रमांक आहे, आणि कुणाला लागलं असेल तर ११२.

मग खाली वाकून चाकाकडे बघा. चाक कमानीच्या मधोमध आहे का, की पुढे-मागे सरकलंय? वरून आत किंवा बाहेर झुकलंय? एक चाक सरळ आणि दुसरं भलत्याच दिशेला वळलंय? यातलं काहीही दिसलं तर गाडी तिथून स्वतःच्या चाकांवर हलवायची नाही. दोरी बांधून ओढायचीही नाही. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत बॉल जॉइंट सुटला की चाक बाहेर पडतं आणि त्याबरोबर एक्सल गिअरबॉक्समधून निसटू शकतो. मग गिअर ऑइल रस्त्यावर सांडतं आणि ब्रेकचा होज (रबरी नळी) ताणला जातो. ओढत नेल्याने एका जॉइंटचं काम गिअरबॉक्सपर्यंत जातं. सपाट पाठीची, गाडी पूर्ण उचलून नेणारी क्रेनच मागवा. विम्यात रस्त्यावरच्या मदतीची सोय घेतलेली असेल तर पॉलिसीवरचा नंबर आधी लावून बघा. बऱ्याच जणांनी त्याचे पैसे भरलेले असतात आणि ऐन वेळी आठवत नाही.

आवाजावरून अंदाज

गाडी चालते आहे पण वाजते, अशा वेळी घाई नको. रिकाम्या रस्त्यावर काचा खाली करून, रेडिओ बंद ठेवून ऐका. शेजारी कुणाला बसवलंत तर आवाज डावीकडचा की उजवीकडचा हे लवकर कळतं.

खडबडीत रस्त्यावर कमी वेगात हलकी, पटापट कट-कट येत असेल तर आधी लिंक रॉडवर संशय घ्या. गतिरोधकावरून उतरताना एकच जड धप् येत असेल तर शॉकअब, माउंटिंग किंवा आर्मचा बुश. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग ताणून सुटल्यासारखा टण्ण आवाज आला तर माउंटिंगचं बेअरिंग अडकलंय किंवा स्प्रिंग तुटली आहे. ब्रेक दाबताना किंवा पहिल्या गिअरमध्ये गाडी उचलताना 'टक्' येत असेल तर आर्मचा मागचा बुश फाटलेला असण्याची शक्यता जास्त. आणि पूर्ण वळण घेताना वेग वाढवला की कट-कट-कट येत असेल, तर तो बहुधा सस्पेन्शनचा आवाजच नाही, एक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचा आहे. हा फरक माहीत असला की चांगला शॉकअब विनाकारण बदलला जात नाही.

तरीही आवाज हा अंदाजच. पत्रा आवाज दूरवर नेतो आणि उजवीकडची लिंक डावीकडे ऐकू येते. खात्री हाताने करायची.

जॅकवर घेऊन तपासणी

जागा सपाट आणि टणक हवी. पावसाने भिजलेल्या मातीवर जॅक रुततो. हँडब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. गाडीसोबत येणारा जॅक फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. तपासणी करायची असेल तर जॅक स्टँड विकत घ्या, गाडी त्यावर टेकवा आणि स्टेपनी दाराखालच्या पट्टीखाली आडवी सरकवून ठेवा. या बाबतीत मी कुणालाही सूट देत नाही. वीस वर्षं काम केलेल्या मेकॅनिकलाही नाही.

चाक हवेत लटकलं की वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी, दोन्ही हातांनी धरून हलवा. हललं तर बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंग. दोन्हींतलं कोणतं, हे कळायला कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. हालचाल थांबली तर बेअरिंग, तरीही हललं तर बॉल जॉइंट. मग ९ आणि ३ च्या जागी धरून हलवा. इथे ढिलेपणा आला तर टाय रॉड एंड किंवा रॅकच्या आतला जॉइंट.

यानंतर लांब टॉमी किंवा पहार घ्या, आर्म आणि नकल यांच्या मधे घालून हळूच उचका. बॉल जॉइंटमध्ये डोळ्यांना दिसेल इतकी उघडझाप झाली तर तो गेला. त्याचं रबरी बूट फाटून ग्रीसच्या जागी चिखल भरलेला असेल, तर ढिलेपणा कमी असला तरी त्याचे दिवस भरले. पहार बुशापाशी लावून तसंच बघा. रबराला वरवर बारीक भेगा असणं जुन्या गाडीत साहजिक आहे. रबर लोखंडी नळीपासून सुटलेलं असेल तर आर्म बदलायचा.

स्प्रिंगकडे मात्र जास्त वेळ द्या, कारण नवख्यांच्या नजरेतून निसटतं ते इथेच. तुटलेली स्प्रिंग म्हटलं की मधून दोन तुकडे डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा सगळ्यात खालचा अर्धा-पाऊण वेढा तुटतो. स्प्रिंग जिच्यात बसते त्या खालच्या वाटीत पाणी आणि माती साचते, स्प्रिंगवरचा रंग घासून जातो, गंज खोल जातो आणि एखाद्या थंड सकाळी किंवा खड्ड्यात ती तिथून तुटते. रत्नागिरी, मालवण, वसई, मुरुड या किनारपट्टीत खाऱ्या हवेमुळे हे लवकर होतं. अर्धा वेढा गेला तरी गाडी फारशी खाली बसत नाही, म्हणून लांबून कळत नाही. टॉर्च मारून खालची वाटी बघा. स्प्रिंगचं टोक कापल्यासारखं सपाट आणि सरळ आहे, की वेडंवाकडं? दोन्ही बाजू ताडून बघा. गाडी जमिनीवर असताना चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत टेपने मोजा. डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल तर जी बाजू खाली बसली आहे तिची स्प्रिंग संशयित.

तुटलेलं टोक वाटीतच बसलेलं असेल तर हळू चालवत गॅरेज गाठणारे लोक आहेत. ते टोक वाटीबाहेर सरकून टायरच्या दिशेला आलेलं असेल तर ते टायरची भिंत चिरतं. अशी गाडी उचलूनच न्या.

ओम्नी, जिप्सी, बोलेरो यांच्या मागच्या पाट्यांचं (लीफ स्प्रिंगचं) बघणं सोपं आहे. मोडलेला पाटा उघड दिसतो. तिथे मधल्या सेंटर बोल्टकडे लक्ष द्या. तो तुटला की एक्सल सरकतो आणि गाडी तिरकी चालते. मेन पाटा मोडला असेल तर गाडी थांबवा, खालचा छोटा मोडला असेल तर रिकामी गाडी सावकाश नेता येते.

काय विकत घ्यायचं, काय अजिबात नाही

आर्मला वेल्डिंग मारून घेऊ नका. स्प्रिंगला तर मुळीच नाही. स्प्रिंगचं पोलाद विशिष्ट प्रक्रियेने कडक आणि लवचीक केलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेचा ताव उतरतो आणि ती वेल्डिंगच्या शेजारीच पुन्हा तुटते. "हजार रुपयांत करून देतो" असं सांगणारा माणूस भला असेल, पण चाक तुमच्या घरच्यांना घेऊन पळतं. बसलेल्या स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर मिळतात, तेही टाळा. ज्या वेढ्यात रबर बसतं तो हलायचा थांबतो आणि त्याचा भार उरलेल्या वेढ्यांवर येतो. जुनी, गंजलेली स्प्रिंग त्याने आणखी लवकर तुटते.

जुन्या बाजारातला माल घ्यायचा का? मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात नाना पेठ, इथे बंद झालेल्या मॉडेलचेही पार्ट सापडतात आणि त्या दुकानदारांचं ज्ञान दांडगं असतं. नकल, क्रॉस मेंबर, मागचा एक्सल असे निव्वळ लोखंडी भाग वाकलेले-गंजलेले नसतील तर जुने घ्यायला हरकत नाही. ज्यात रबर, तेल किंवा सांधा आहे तो भाग मात्र नवाच घ्या. दुकानात जाताना आरसी आणि काढलेला जुना भाग सोबत न्या. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार आर्म बदललेले असतात, डावा-उजवा वेगळा असतो. नवा आणि जुना काउंटरवर शेजारी ठेवून भोकं, लांबी, बॉल जॉइंटच्या दांड्याची जाडी जुळवा. कंपनीचा पार्ट मिळत नसेल तर गाडी कंपन्यांना माल पुरवणाऱ्या उत्पादकाचा बघा. बिनानावाच्या डब्यातला बॉल जॉइंट स्वस्त पडतो, पण या एका भागात पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे.

स्प्रिंग आणि शॉकअब नेहमी जोडीने, दोन्ही बाजूंचे बदला. एक नवा आणि एक थकलेला ठेवलात तर ब्रेक लावताना आणि वळताना गाडीचं वागणं दोन्ही बाजूंना सारखं राहत नाही. बॉल जॉइंट, आर्म, लिंक यांना जोडीची सक्ती नाही. पण एका बाजूचा झिजून गेला असेल तर दुसऱ्याचं वयही तेवढंच आहे, हे ध्यानात घेऊन तो तपासून घ्या.

लोअर आर्म बदलायचा क्रम

लिंक रॉड घरी बदलता येते. लोअर आर्म मदतनीस आणि नीट हत्यारं असतील तर जमतो. स्ट्रट खोलून स्प्रिंग बदलणं घरी करू नका. स्प्रिंग दाबून बसलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) न लावता वरचं मधलं नट सोडलं तर ती सुटून तोंडावर येते. बॉनेट उघडल्यावर समोर दिसणारं ते मधलं नट "जरा ढिलं करून बघू" म्हणून हात लावायची जागा नाही.

आर्मसाठी आदल्या रात्रीच सगळ्या नट-बोल्टांची माती ब्रशने काढा आणि गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. सकाळी चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा ढिले करा. मग जॅक, स्टँड, चाक बाहेर. काही सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, वॉशर कुठल्या बाजूला होतं ते नंतर आठवत नाही.

बॉल जॉइंट सोडवताना आधी जोडणी कशी आहे ते बघा. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांत दांडा नकलच्या भोकात घुसतो आणि आडवा बोल्ट त्याला आवळतो. दांड्याला खाच असते आणि बोल्ट त्या खाचेतून जातो, म्हणून तो पूर्ण बाहेर काढल्याशिवाय दांडा निघत नाही. नुसता ढिला करून वरून हातोडे मारत राहिलात तर नकलच खराब होते. बोल्ट निघाल्यावर फटीत छिन्नीचं टोक हलकेच बसवा आणि आर्म पहारीने खाली दाबा. दुसऱ्या प्रकारात निमुळता दांडा आणि खाली नट असतं. तिथे नट काढून टाकू नका, दोन-चार आटे राहू द्या आणि नकलच्या कानावर बाजूने हातोडा मारा, दांड्यावर नाही. एका ठोक्यात 'टक्' होऊन तो सुटतो. नट ठेवलेलं असलं की आर्म एकदम पायावर येत नाही.

आतल्या टोकाचे बोल्ट काढून जुना आर्म बाहेर घ्या आणि आता, नवा बसवण्याआधी, क्रॉस मेंबर नीट बघा. आर्म जिथे बसतो तिथला पत्रा पेचकसाने टोचा. टणक लागला तर पुढे जा. पापुद्रे निघाले, पेचकस आत घुसला तर नव्या आर्मचा उपयोग नाही, आधी क्रॉस मेंबरचा बंदोबस्त करावा लागेल.

नवा आर्म लावताना सगळे बोल्ट हाताने धरवा. बॉल जॉइंटचा बोल्ट आत्ताच आवळा. आतल्या बुशांचे बोल्ट मात्र चाक लटकलेलं असताना शेवटचे आवळायचे नाहीत. बुशाचं रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. लटकत्या स्थितीत आवळलं की गाडी खाली येताच ते पिळलं जातं आणि कायम पिळलेलंच राहतं. नवे बुश काही महिन्यांत फाटले अशी तक्रार येते त्यामागे हे एक नेहमीचं कारण आहे. म्हणून बॉल जॉइंटच्या खाली जॅक लावून आर्म नेहमीच्या उंचीला उचला आणि मग आवळा. किती जोरात, ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. टॉर्क पाना उसना मिळत असेल तर जरूर आणा. स्प्लिट पिन आणि लॉक नट नवेच वापरा. बॉल जॉइंट तुटलेलाच होता, तर एक्सलचं बूट, ब्रेकचा होज आणि एबीएस असेल तर त्याची वायर ताणली-चिरली नाही ना, हेही याच वेळी बघून घ्या.

चाक लावून नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा एकदा तपासा.

गॅरेजला दिली तर

"आवाज येतोय, बघा" असं सांगून निघून येऊ नका. तुम्ही काय ऐकलं, कधी, कोणत्या बाजूला, ते सांगा आणि मेकॅनिकला शेजारी बसवून ट्रायल द्या. "दादा, गाडी लिफ्टवर घेतली की मला दाखवाल का?" असं विचारलं की चांगला मेकॅनिक आनंदाने दाखवतो. जुने पार्ट परत मागा. कामानंतर पुन्हा त्याच खडबडीत रस्त्यावर ट्रायल घ्या, गुळगुळीत रस्त्यावर काहीच कळत नाही.

आर्म, स्ट्रट किंवा टाय रॉड एंड बदलल्यावर व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, करावीच लागते. नुसती लिंक रॉड बदलली असेल तर नाही. अलाइनमेंटवाल्याकडून आधीचे आणि नंतरचे आकडे छापून घ्या. सगळं नवं घालूनही एका बाजूचे आकडे मर्यादेत बसत नसतील तर नकल, स्ट्रट किंवा क्रॉस मेंबर वाकलेला असू शकतो. हे त्या कागदावरून कळतं, चालवून कळेपर्यंत टायर आतल्या कडेने खाल्लेला असतो.

गाडी १५ वर्षांच्या जवळ आली असेल तर नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख बघून खर्चाचं नियोजन करा. खासगी गाडीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं आणि त्याआधी गाडीची तपासणी असते. सस्पेन्शन, ब्रेक आणि टायर यांचं काम त्या तपासणीच्या महिनाभर आधी उरकून घेतलं, तर तोच खर्च पुढच्या पाच वर्षांनाही उपयोगी पडतो. ज्या गाडीच्या घुमटीचा आणि क्रॉस मेंबरचा पत्रा सडलेला आहे, तिच्यात मात्र नूतनीकरणासाठी नवे स्ट्रट घालण्याआधी पत्र्याच्या कामाचा पूर्ण अंदाज लेखी घ्या आणि मगच पार्टची ऑर्डर द्या.